राजकीय वार्तापत्र : आधी यादी, मग कागद, मग लेखणी

आपल्या प्रभागाचे किंवा गावाचे राजकीय वार्तापत्र काढू पाहणारे कार्यकर्ते बहुतेक वेळा शेवटच्या कामापासून सुरुवात करतात. नाव ठरते, शीर्षपट्टी रंगते, संपादकीय लिहून होते, छापखान्यात हजार प्रतींची मागणी जाते. आणि गठ्ठे घरी येऊन पडल्यावर ते कोणी, कुठे आणि कोणत्या वेळी पोहोचवायचे हा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो. दुसऱ्या अंकाला मजकूर मिळत नाही, कारण पहिल्या अंकात मते होती आणि माहिती नव्हती. तिसरा अंक निघतच नाही. हा क्रम बदलावा म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे. येथे गृहीत धरलेले वार्तापत्र चार पानांचे, महाराष्ट्रातील एका प्रभागापुरते किंवा एका ग्रामपंचायतीपुरते, छापील आणि सोबत मोबाइलवरही जाणारे असून ते काढणारी माणसे तीन-चार आहेत.

पायरी १ : हद्द, भूमिका आणि अवधी लिहून ठेवा

पहिल्याच बैठकीत या तीन गोष्टी एका कागदावर उतरवून त्याखाली सर्वांनी सह्या कराव्यात, कारण पुढची निम्मी भांडणे त्या कागदाने मिटतात.

हद्द लहान ठेवावी. महापालिकेचा बहुसदस्यीय प्रभाग तीन-चार जणांना पेलत नाही. त्यातील दोन-तीन मतदान केंद्रांना लागून असलेल्या वस्त्यांएवढाच भाग घ्यावा. ग्रामपंचायत असेल तर गावठाणासोबत वाड्या-वस्त्याही धराव्यात, नाहीतर वार्तापत्र फक्त चावडीभोवतीच्या लोकांचे होऊन बसते.

भूमिका उघड असावी. तुम्ही एखाद्या पक्षाचे सदस्य असाल, कोणाच्या प्रचारात काम केले असेल किंवा स्वतः निवडणूक लढवणार असाल, तर ते पहिल्या पानावर एका वाक्यात छापावे. वाचकाला पक्षाचे माणूस खटकत नाही. पक्ष लपवणारे माणूस खटकते. छपाईचे पैसे कोणी दिले हेही प्रत्येक अंकात सांगावे.

अवधीबाबत माझा आग्रह द्वैमासिकाचा आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी कार्यालयाला ३० दिवस असतात. अर्ज करणे, उत्तराची वाट पाहणे, जागेवर जाऊन पडताळणी करणे आणि संबंधितांचे म्हणणे घेणे हे सगळे एका महिन्यात बसत नाही. मासिक काढण्याची घाई केली की कागद येण्याआधी अंक निघतो आणि रिकामी जागा शुभेच्छांनी भरली जाते.

> तपासणी : «हा अंक वाचून वाचकाला कोणती गोष्ट नव्याने कळेल?» या प्रश्नाला पहिल्या तीन अंकांपुरती ठोस उत्तरे तुमच्याकडे आहेत का? नसतील तर पुढची पायरी चढू नका.

पायरी २ : वाटपाची वही लेखनाच्या आधी तयार करा

एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक गल्लीला किंवा वाडीला एक पान द्यावे. त्या पानावर घरांची संख्या, प्रत नेऊन देणाऱ्याचे नाव, घरी माणसे सापडण्याची वेळ आणि परत आलेल्या प्रती असे चार रकाने आखावेत. ही वही घरी बसून भरता येत नाही. दोघांनी मिळून एका रविवारी हद्द पायी फिरावी आणि घरे स्वतः मोजावीत. मतदार यादीतील घर क्रमांकांवर विसंबू नये. जुन्या वाड्यात एका दारामागे पाच चुली असतात आणि नव्या इमारतीत निम्म्या सदनिकांना कुलूप असते.

फिरताना प्रत्येक गल्लीत एक माणूस शोधावा, जो दोन महिन्यांतून एकदा पंचवीस-तीस घरांत अंक पोहोचवील. हा माणूस तुमच्या विचाराचा असण्यापेक्षा गल्लीत ये-जा असलेला असावा. भिशी चालवणाऱ्या बाई, निवृत्त शिक्षक, सकाळी वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूध संकलन केंद्रावर बसणारे काका यांना सगळी दारे उघडी असतात. त्यांना आधी विचारून, किती प्रती आणि कोणत्या दिवशी हे सांगून, त्यांच्या होकारानंतरच नाव वहीत लिहावे. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याच्या विक्रेत्यालाही विचारावे, कारण अंकात घालून पत्रके टाकण्याचा मोबदला ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याचा असतो.

सार्वजनिक ठेवणीच्या जागा वेगळ्या पानावर लिहाव्यात : वाचनालय, केशकर्तनालय, चहाची टपरी, किराणा दुकान, पिठाची गिरणी. गिरणीत दळण होईपर्यंत माणूस वीस मिनिटे थांबतो आणि हाताला येईल ते वाचतो; माझ्या अनुभवात इतक्या नेटाने वार्तापत्र वाचले जाते अशी दुसरी जागा नाही. दुकानदाराची परवानगी घेतल्याशिवाय गठ्ठा ठेवू नये.

छापील प्रतींचा आकडा या वहीतून येतो. सर्व पानांवरील घरांची बेरीज, ठेवणीच्या जागांसाठी लागणाऱ्या प्रती आणि दफ्तरासाठी वीस प्रती, एवढ्याच छापाव्यात.

> इशारा : शाळेच्या मुलांच्या हाती वार्तापत्र घरी पाठवू नका आणि देवळात, मशिदीत किंवा अन्य प्रार्थनास्थळी ते वाटू नका. मजकूर कितीही निर्दोष असला तरी चर्चा मग मजकुराची होत नाही.

पायरी ३ : नोंदणीचा निर्णय पहिल्या अंकापूर्वी घ्या

एकदाच काढलेले पत्रक आणि ठरावीक अवधीने निघणारे वार्तापत्र या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेले, नियमित अंतराने छापून प्रसिद्ध होणारे प्रकाशन नियतकालिकात मोडते आणि त्याची नोंदणी करावी लागते. १८६७ चा जुना कायदा आता लागू नाही. त्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ आला असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करून यायचे, हा ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडून मिळणारा सल्ला जुन्या कायद्याचा आहे.

शीर्षक निवडताना त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात आधी नोंदलेल्या शीर्षकाशी ते सारखे होणार नाही हे पाहावे आणि दोन-तीन पर्यायी शीर्षके हाताशी ठेवावीत. म्हणूनच शीर्षपट्टीवर खर्च करण्याची वेळ ही नोंदणीनंतरची आहे. प्रत्येक अंकावर संपादक, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे, तसेच मुद्रणाचे आणि प्रकाशनाचे ठिकाण छापलेच पाहिजे. नोंदणी पूर्ण होईपर्यंतचा काळ वाया जात नाही. पुढच्या पायरीला तेवढा वेळ लागतोच.

पायरी ४ : कागद जमवा

ही पायरी सर्वांत लांब आहे आणि वार्तापत्राची पत इथे ठरते. स्थानिक राजकारणातील बहुतेक बातम्या शेवटी एखाद्या कामाच्या असतात : रस्ता, गटार, पाण्याची टाकी, शाळेची खोली, स्मशानभूमीचे शेड. प्रत्येक सरकारी काम काही ठरावीक टप्प्यांतून जाते आणि प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र कागद असतो. कोणता कागद हाती आहे त्यावर कोणते क्रियापद वापरायचे हे ठरते.

प्रशासकीय मान्यतेचा आदेश हाती असेल तर «रक्कम मंजूर झाली» एवढेच लिहिता येते. तांत्रिक मान्यता म्हणजे अंदाजपत्रक सक्षम अभियंत्याने तपासले आहे. त्यातून कामाची लांबी, रुंदी, जाडी आणि दर कळतात. निविदेवरून काम कोणत्या रकमेला काढले हे कळते. कार्यारंभ आदेशावरून ठेकेदार, मुदत आणि सुरू होण्याची तारीख कळते. मोजमाप पुस्तिकेतील नोंदींवरून प्रत्यक्षात किती काम मोजले गेले ते कळते. आणि देयक अदा झाल्याची नोंद मिळाली, तरच «पैसे खर्च झाले» असे लिहिण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

मी स्वतः या क्रमात चुकलो आहे. आमच्या दुसऱ्या अंकात एका गटाराच्या कामावर «लाखो रुपये खर्च होऊनही गटार कोरडे» असा मथळा दिला होता. आमच्याकडे होता तो फक्त प्रशासकीय मान्यतेचा आदेश. प्रत्यक्षात निविदाच निघाली नव्हती आणि एक रुपयाही खर्च झाला नव्हता. मान्यता मिळून वर्ष झाले तरी निविदा का निघत नाही, ही खरी आणि अधिक गंभीर बातमी आमच्या हातात असताना आम्ही खोटी बातमी छापली, आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती द्यावी लागली. त्या गल्लीतील लोकांचा विश्वास परत यायला वर्ष गेले.

कागद मिळवण्याचे मार्ग सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने वापरावेत. ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि खर्चाच्या नोंदी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहता येतात. राज्यातील अनेक निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर असतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती आधी शोधावी. त्यानंतर अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क वापरावा. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख दाखवावेत, असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. फाइल समोर आली की आधी टिपणी-पृष्ठे पाहावीत, कारण काम कोणाच्या टेबलावर किती दिवस अडकले ते तिथेच दिसते.

एवढ्याने भागले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते न्यायालयीन मुद्रांक लावून भरता येते. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा लागतो; पाच कामे एका अर्जात घातली की तो हमखास परत येतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे «का» विचारणे. «रस्ता निकृष्ट का झाला?» या प्रश्नाला जन माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नाही. त्याऐवजी «अमुक ते अमुक या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती मिळाव्यात» असे लिहावे. कागद मागितला की कागद मिळतो, आणि «का» चे उत्तर त्या कागदांची एकमेकांशी तुलना केल्यावर आपोआप दिसते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. ही तारीख अर्ज केला त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

कागद आल्यावर जागेवर जावे. मोजमाप पुस्तिकेत १८० मीटर लांबी लिहिली असेल तर दोघांनी टेप घेऊन मोजावी, तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढावा आणि मोजणाऱ्या दोघांची नावे आपल्या दफ्तरात नोंदवावीत. तुम्ही अभियंते नसाल तर दर्जाबद्दल निष्कर्ष काढू नये. लांबी, रुंदी, तारीख आणि पाटी यांपुरतेच लिहावे. कामाच्या जागी माहितीफलक नसेल तर तीही नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

सभांचे कागदही तितकेच महत्त्वाचे असतात. ग्रामसभेची किंवा सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभेआधी मिळवावी, स्वतः हजर राहून टिपणे घ्यावीत आणि पुढे इतिवृत्ताची प्रत मिळवून दोन्ही ताडून पाहावीत. सभेत जे बोलले गेले आणि इतिवृत्तात जे उतरले त्यांतील फरक ही स्वतंत्र बातमी असते. मात्र ती छापण्यासाठी तुमची टिपणे त्याच दिवशी, तारखेसह, वहीत लिहिलेली असली पाहिजेत.

> तपासणी : अंकातील प्रत्येक आकड्यासमोर समासात कागदाचे नाव आणि तारीख लिहा. ज्या आकड्यासमोर काही लिहिता येत नाही तो आकडा काढून टाका. लाख आणि कोटी यांची शून्ये दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजावीत.

पायरी ५ : विरुद्ध बाजूचे म्हणणे लेखी मागा

बातमी लिहिण्याआधी, ज्यांच्याविषयी ती आहे त्या नगरसेवकाला, सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा ठेकेदाराला दोन-तीन नेमके प्रश्न लेखी पाठवावेत आणि उत्तरासाठी किमान सात दिवस द्यावेत. प्रश्न आदराने, «आपण» या संबोधनाने आणि आरोपाचा सूर न लावता लिहावेत. «आपण यात किती खाल्ले?» हा प्रश्न नाही. «कार्यारंभ आदेशातील मुदत ३१ मार्चला संपली, मुदतवाढ दिली आहे का, दिली असल्यास आदेशाची प्रत मिळेल का?» हा प्रश्न आहे. उत्तर आले तर ते काटछाट न करता, शंभर शब्दांपर्यंत, त्याच बातमीला लागून छापावे. उत्तर आले नाही तर कोणत्या तारखेला विचारले होते तेवढे सांगावे आणि न बोलण्याचा अर्थ आपल्या मनाने लावू नये.

अनेक गट ही पायरी गाळतात, कारण विचारले की समोरचा सावध होतो असे त्यांना वाटते. सावध होऊन त्याने काम पूर्ण केले तर गल्लीला गटार मिळते, आणि वार्तापत्र त्यासाठीच काढायचे असते.

पायरी ६ : लिहिताना माहिती आणि मत वेगळे ठेवा

प्रत्येक बातमीत आधी काय घडले आणि कधी, मग कोणत्या कागदावरून कळले, मग जागेवर काय दिसले, आणि शेवटी संबंधितांचे म्हणणे असा क्रम असावा. तुमचे मत या चार भागांत मिसळू नये. ते शेवटच्या पानावर «आमचे मत» या चौकटीत, खाली नाव देऊन लिहावे. मत ठाम असायला हरकत नाही. ते नसेल तर वार्तापत्र राजकीय कशाला म्हणायचे? परंतु ज्याला तुमचे मत पटत नाही त्यालाही पहिली तीन पाने उपयोगी पडली पाहिजेत.

वर्तमानपत्रांतून अंगवळणी पडलेले शब्दप्रयोग काढून टाकावेत. «खड्ड्यांचे साम्राज्य», «जनता त्रस्त, प्रशासन सुस्त», «भोंगळ कारभार चव्हाट्यावर», «संतप्त नागरिकांचा सवाल» ही वाक्ये कोणत्याही गावाला आणि कोणत्याही वर्षाला लागू पडतात, म्हणून ती वाचकाला काहीच सांगत नाहीत. उदाहरण म्हणून ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिले : «प्रशासनाच्या निष्काळजीपणामुळे मागील आळीतील नागरिक पाण्यासाठी वणवण भटकत आहेत.» दुसरे : «मागील आळीच्या बत्तीस घरांना गेल्या एप्रिलपासून दिवसाआड, पहाटे साडेचारला, वीस मिनिटे पाणी येते, याच आळीसाठीच्या नव्या जलवाहिनीला मान्यता मिळूनही कार्यारंभ आदेश निघालेला नाही.» दुसऱ्या वाक्यात एकही कठोर शब्द नाही, तरी पाणीपुरवठा विभागाला उत्तर द्यावे लागते ते त्यालाच.

चार पानांच्या अंकात शीर्षके आणि छायाचित्रे धरून साधारण सोळाशे ते अठराशे शब्द नीट बसतात. त्यात एक मोठी बातमी, तीन-चार छोट्या, सभेचा वृत्तान्त, मागील अंकातील विषयांचे पुढे काय झाले याची नोंद आणि मताची चौकट एवढे पुरे. «पुढे काय झाले» हे सदर कधीही वगळू नये; वाचक अंक उघडल्यावर आधी तेच शोधतात.

> इशारा : «खरे आहे ना, मग छापा» एवढा विचार पुरेसा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीच्या आरोपात सत्य हा बचाव तेव्हाच टिकतो, जेव्हा ती गोष्ट प्रसिद्ध करणे लोकहिताचे असते. पदाधिकाऱ्याच्या घरातील भांडण, आजारपण, मुलांची लग्ने यांना वार्तापत्रात जागा नाही. जात, धर्म किंवा भाषा यांवरून गटांत तेढ निर्माण करणारा मजकूर कलम १९६ खाली गुन्हा ठरतो, आणि तो वाचकाचे पत्र म्हणून छापला तरी जबाबदारी संपादकाची असते.

तक्रार करणाऱ्या सामान्य माणसाचे नाव त्याने लेखी होकार दिल्याशिवाय छापू नये. लहान गावात «एका विधवा लाभार्थीने सांगितले» एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. अशा वेळी तिची बातमी कागदावरूनच लिहावी.

पायरी ७ : निवडणुकीचा काळ असेल तर आणखी एकदा थांबा

एखाद्या उमेदवाराला निवडून आणण्यासाठी किंवा पाडण्यासाठी वाटलेला छापील मजकूर, त्याला वार्तापत्र म्हटले तरी, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे निवडणूक पत्रक ठरू शकतो. त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असावाच लागतो. प्रकाशकाने आपली ओळख पटवणारे, स्वतः सही केलेले आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचे असते, आणि मुद्रकाने त्याची एक प्रत पत्रकासह जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे (राज्याच्या राजधानीत छपाई असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे) पाठवायची असते. नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही तरतूद लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांची आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांसाठी राज्य निवडणूक आयोगाचे त्या निवडणुकीचे आदेश वेगळे वाचावेत.

उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर दुसऱ्याने खर्च करणे हाही गुन्हा आहे, आणि संमतीने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात जातो. त्यामुळे वार्तापत्र चालवणाऱ्यांपैकी कोणी उमेदवार असेल, तर अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत अंक बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उमेदवार नसाल तर सर्व उमेदवारांना तेच पाच प्रश्न पाठवून त्यांची उत्तरे सारख्या जागेत छापावीत आणि त्यांच्या शपथपत्रांतील माहिती जशीच्या तशी, विशेषणांविना द्यावी.

पायरी ८ : मांडणी आणि छपाई

मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. अनेक छापखाने अजून जुन्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेतात, आणि त्या बदलात रफार सरकतो, «ऱ्या» चा «र्या» होतो, जोडाक्षरे तुटतात. म्हणून मांडणी झाल्यानंतरची प्रत कागदावर छापून, मूळ मजकुराशी ओळीनओळ ताडून पाहावी. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर तपासू नये, दुसऱ्याने तो मोठ्याने वाचावा आणि लिहिणाऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवावे. आकडे, तारखा आणि माणसांची नावे या वाचनात सुटी करून उच्चारावीत. अक्षर बारा पॉइंटांपेक्षा लहान ठेवू नये, कारण तुमचे सर्वांत निष्ठावान वाचक साठीच्या पुढचे असतात.

ए-थ्री कागदाला मधोमध एक घडी घातली की ए-फोर आकाराची चार पाने होतात. बाहेरच्या बाजूला डावीकडे पान ४ आणि उजवीकडे पान १, आतल्या बाजूला पान २ आणि ३ येते. एक कोरा कागद दुमडून, पानांवर आकडे घालून, तो नमुना छापखान्यात द्यावा. या दोन मिनिटांच्या कामाने संपूर्ण गठ्ठा उलटसुलट छापला जाण्याचे संकट टळते. सत्तर जीएसएमचा साधा मॅपलिथो कागद आणि एकरंगी छपाई पुरेशी आहे. गुळगुळीत रंगीत कागद पाहिला की लोक त्याला प्रचाराचे पत्रक समजतात.

पायरी ९ : वाटप

छापील अंक आणि मोबाइलवरचा अंक एकाच दिवशी जावा. वहीतील प्रत्येक गल्लीसाठी प्रती मोजून, वर गल्लीचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावून, आदल्या संध्याकाळी त्या त्या माणसाकडे पोहोचवाव्यात. रविवारी सकाळी नऊ ते अकरा ही वेळ शहरात चालते. गावात आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी अंक पिशवीत जातो आणि भाजीखाली भिजतो. अंक दारात फेकू नये. हातात द्यावा, घरी कोणी नसेल तर कडीत अडकवावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याचे तीन मार्ग आहेत. ग्रुपवर उत्तरादाखल शुभेच्छा आणि भांडणे यांत अंक हरवतो आणि सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, म्हणून तो टाळावा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात, पण ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो; अंक मिळत नसल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. म्हणून छापील अंकाच्या शेवटच्या पानावर «हा क्रमांक जतन करा आणि ‹अंक हवा› असा संदेश पाठवा» असे लिहावे. संदेश आला म्हणजे संमतीही आली. चॅनेलमध्ये वाचकांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे मोठ्या हद्दीसाठी ते बरे. पीडीएफ दोन एमबीच्या आत ठेवावी आणि सोबत मुख्य बातमीचा पाच-सहा ओळींचा मजकूर द्यावा, कारण फाइल न उघडणारेही तेवढे वाचतात. मजकूर चित्र म्हणून पाठवला तर पुढे तो शोधता येत नाही.

मुंबई-पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या गावकऱ्यांना ईमेलने पाठवता येते. सर्वांचे पत्ते «बीसीसी» च्या रकान्यात घालावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जाते, हे लक्षात ठेवून यादी मोठी झाल्यास दोन दिवसांत विभागावी. «नको» असे कळवणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे.

> इशारा : मतदार यादी, सोसायटीची नोंदवही, पतसंस्थेची सभासद यादी किंवा शाळेच्या पालकांची यादी यांतून फोन क्रमांक उचलू नका. क्रमांक कुठून मिळाला असे एका वाचकाने विचारले आणि उत्तर देता आले नाही, तर कार्यालयांकडे पारदर्शकतेची मागणी कोणत्या तोंडाने करणार?

पायरी १० : अंक गेल्यानंतरचे पंधरा दिवस

चूक कळली की पुढच्या अंकाची वाट पाहू नये. मोबाइलवर त्याच दिवशी दुरुस्ती पाठवावी आणि छापील दुरुस्ती पुढच्या अंकात, मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे द्यावी. दुरुस्तीत तीनच गोष्टी असाव्यात : काय छापले होते, योग्य काय आहे, आणि कोणत्या कागदावरून ते कळले. सबबी लिहू नयेत.

सर्व कागद अंकनिहाय फाइलमध्ये लावावेत आणि ती फाइल कोणालाही पाहता येईल अशी एक जागा व वेळ अंकात छापावी. आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी दोन तास ती वाचनालयाच्या टेबलावर असते, आणि सर्वांत आधी ती चाळायला येतात ते ज्यांच्यावर लिहिले आहे त्यांचे कार्यकर्ते. त्यांना चहा द्यावा आणि त्यांनी दाखवलेली चूक लिहून घ्यावी.

पंधराव्या दिवशी गल्लीच्या प्रत्येक माणसाकडून उरलेल्या प्रती परत मागवून वहीच्या शेवटच्या रकान्यात आकडा भरावा. एखाद्या गल्लीतून दोनदा दहापेक्षा जास्त प्रती परत आल्या तर तिथे स्वतः जावे. कधी माणूस बदलावा लागतो, कधी वेळ, आणि कधी असे कळते की त्या गल्लीविषयी दोन अंकांत एकही ओळ आलेली नाही. तो आकडा पाहिल्यानंतरच छापखान्याला पुढच्या अंकाची मागणी द्यावी.